आरमधल्या डेटा.टेबलमध्ये कॉपी न करता जागच्या जागी बदल

आर या प्रोग्रामिंग भाषेत मोठी टेबलं हाताळायला डेटा.टेबल हे पॅकेज वापरतात. एक कोटी ओळी आणि दशांश आकड्यांचे 10 कॉलम म्हणजे सुमारे 800 एमबी: प्रत्येक आकड्याला 8 बाइट, प्रत्येक कॉलमला 80 एमबी. एवढ्या टेबलाची नकळत एक जरी कॉपी झाली, तरी साध्या लॅपटॉपला ती जड जाते.

टेबल साध्या डेटा फ्रेममध्ये (आरच्या नेहमीच्या टेबलात) असेल तर 'अ‍ॅज.डेटा.टेबल' वापरू नका, ते कॉपी करतं. 'सेटडीटी' आहे त्याच टेबलाचं रूप बदलतं. डेटा.टेबलच्या फाइल वाचणाऱ्या 'एफरीड' फंक्शनने वाचलं असेल तर हेही लागत नाही.

बदलासाठी := हे चिन्ह वापरा. टेबलाचं नाव डीटी आणि त्यातल्या एका कॉलमचं नाव दर धरू:

डीटी[दर < 0, दर := 0]

इथे फक्त अट लागू होणाऱ्या ओळींतले आकडे बदलतात, कॉलम मेमरीत त्याच जागी राहतो. खात्री करायची तर 'अ‍ॅड्रेस' फंक्शनने त्या कॉलमचा पत्ता आधी आणि नंतर पाहा. ओळींची अट न देता पूर्ण कॉलम भरलात, तर तेवढ्या एका कॉलमची नवी जागा लागते, बाकीच्यांना हात लागत नाही. मात्र पूर्णांकांच्या कॉलममध्ये काही ओळींपुरतं 2.5 लिहिलंत, तर वॉर्निंग येऊन 2 उरतात. कॉलमचा प्रकार आधी बदलून घ्या.

नावं बदलायला 'सेटनेम्स', क्रम लावायला 'सेटऑर्डर'. लूपमध्ये हजारो वेळा छोटे बदल करायचे असतील तर := ऐवजी 'सेट' वापरा; चौकटी कंसाचा दर वेळचा खर्च वाचतो.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो इथे: 'नवं <- डीटी' असं लिहिल्याने दुसरं टेबल तयार होत नाही, एकाच टेबलाला दोन नावं मिळतात. 'नवं'मध्ये := चालवलं की डीटीही बदलतं. फंक्शनला दिलेल्या टेबलाचंही तेच. मूळ टेबल जपायचं असेल तर 'कॉपी(डीटी)' स्पष्ट लिहा. ही कॉपी गरजेची आहे, ती टाळू नका. कॉलमांची नावं आधी साठवून ठेवायची असतील तर तीही 'कॉपी'मधून घ्या, नाहीतर नवा कॉलम जोडल्यावर साठवलेल्या यादीतही तो दिसू लागतो.

डेटा.टेबल नव्या कॉलमांसाठी 1024 जागा राखून ठेवतं. आरडीएस (आरच्या स्वतःच्या प्रकारातल्या) फाइलमधून वाचलेल्या टेबलात ही राखीव जागा नसते, त्यामुळे फंक्शनच्या आत जोडलेला कॉलम बाहेर दिसत नाही. फाइल वाचल्याबरोबर एकदा 'सेटडीटी' चालवलं की प्रश्न मिटतो.

ओळी काढण्याला मात्र असा उपाय नाही. डीटी[दर > 0] नवं टेबलच बनवतं. म्हणून नको असलेले कॉलम आधी := नल (म्हणजे 'काही नाही') देऊन उडवा आणि मग ओळी गाळा. 10 पैकी 6 कॉलम गेले, तर नव्या टेबलाला जास्तीत जास्त 320 एमबी पुरतात.