शिष्यवृत्तीचा फॉर्म कॉलेजात भरायचा, पण तयारी हायस्कुलात

जून-जुलैत बारावीची मुलं दाखला घेऊन जातात आणि ऑगस्ट संपता संपता त्यातली काही ऑफिसच्या खिडकीशी परत येतात. मागच्या वर्षी एक मुलगी आली, सांगलीला इंजिनिअरिंगला लागलेली. "सर, महाडीबीटीवर नाव जुळत नाही म्हणतंय." महाडीबीटी म्हणजे राज्य सरकारचं शिष्यवृत्तीचं पोर्टल. कागद काढायला लावले. आडनाव चौगुले. आधारवर स्पेलिंगमध्ये यू, दहावीच्या मार्कलिस्टवर डब्ल्यू. एका अक्षरासाठी एसटीनं दीड तास प्रवास करून आली होती, आणि आमच्या हातात तेव्हा करण्यासारखं फार थोडं उरलं होतं.

मी सांगली जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातल्या एका हायस्कूलच्या ज्युनिअर विभागात शिकवतो. शिष्यवृत्तीचं काम काही वर्षांपासून माझ्याच गळ्यात आहे. फॉर्म भरणं हा यातला सोपा भाग. तो प्रवेश झाल्यावर भरायचा असतो आणि कॉलेजचं ऑफिस तपासून पुढं पाठवतं. घोडं अडतं ते कागदांवर. कागद जमवायची वेळ मात्र अकरावी-बारावीतली, मूल रोज आपल्यासमोर बाकावर असतं तेव्हाची.

पहिलं काम: तीन कागद शेजारी ठेवा

अकरावीचे प्रवेश आटोपले की वर्गशिक्षकांनी एक तास यासाठी काढावा. प्रत्येकानं आधार कार्ड, दहावीची मार्कलिस्ट आणि बँकेचं पासबुक आणायचं. तिन्हींवरचं नाव, वडिलांचं नाव आणि जन्मतारीख अक्षर न् अक्षर ताडून बघायची. मुलांनी एकमेकांचे कागद तपासले तर चुका जास्त सापडतात. स्वतःचं नाव माणूस वाचत नाही, नुसतं बघतो.

चूक आधारमध्ये असेल तर आधार केंद्र. मार्कलिस्टमध्ये असेल तर शाळेमार्फत बोर्डाकडं अर्ज. खरं तर ही तपासणी नववीतच व्हायला हवी, कारण बोर्डाच्या फॉर्मवर नाव जातं ते शाळेच्या जनरल रजिस्टरमधून. मूल शाळेत आहे तोवर रजिस्टरमधली दुरुस्ती मुख्याध्यापकांमार्फत, शिक्षणाधिकाऱ्यांच्या मंजुरीनं होते. दाखला हातात पडला की तेच काम फार जड होऊन बसतं.

आधारला कुठला मोबाइल जोडलाय तेही त्याच तासाला विचारा. आमच्या विटा-खानापूर भागात निम्म्या घरांतला कुणी ना कुणी गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या कामाला बाहेर असतो. मुलाच्या आधारला वडिलांचा नंबर, वडील कोईमतूरला भट्टीपुढं, ओटीपी तिकडं. त्यांनी फोन उचलेपर्यंत ओटीपीची मुदत गेलेली. नंबर बदलायला मुलाला आधार केंद्रात पाठवा. पंधराव्या वर्षानंतर बोटांचे ठसेही नव्यानं द्यावे लागतात. बऱ्याच जणांचे राहिलेले असतात, तेही त्याच फेरीत उरकतं.

दुसरं काम: दाखले, पण ज्याच्या त्याच्या वेळेला

इथं उत्साही शाळा फसतात. आम्हीही फसलो होतो. एका वर्षी जानेवारीत शिबिर घेऊन सगळ्यांचे उत्पन्नाचे दाखले काढले, फोटोही काढले. ते दाखले ३१ मार्चला संपले आणि जुलैत सगळे परत सेवा केंद्राच्या रांगेत. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला १ एप्रिलनंतरच काढायचा. नॉन-क्रीमीलेअरची, म्हणजे ओबीसीसारख्या प्रवर्गांतलं घर सधन गटात मोडत नसल्याच्या दाखल्याची मुदतही ज्या वर्षी प्रवेश आहे त्या शैक्षणिक वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत असायला हवी. २०२६-२७ चा प्रवेश असेल तर ३१ मार्च २०२७.

उलट जातीचा दाखला आणि डोमिसाइल (रहिवासाचा दाखला) अकरावीतच काढून ठेवा, त्यांना मुदत नसते. जातीच्या दाखल्याला जुना पुरावा लागतो: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, भटक्या-विमुक्तांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा. म्हणजे बहुतेक वेळा आजोबांच्या किंवा चुलत आजोबांच्या शाळेचा उतारा. तो असतो गावच्या जिल्हा परिषद शाळेच्या कपाटात, कडा कुरतडलेल्या रजिस्टरात. तिथल्या मुख्याध्यापकांना आपल्या शाळेच्या लेटरहेडवर एक पत्र द्या आणि मुलांना जोडीनं पाठवा. एकटं पोर गेलं तर "उद्या ये" ऐकून परत येतं.

जात पडताळणी सगळ्यात लांबते. व्यावसायिक कोर्सला जाणाऱ्या राखीव प्रवर्गातल्या मुलांचे अर्ज ज्युनिअर कॉलेजच्या पत्रासह जिल्हा समितीकडं अकरावीतच गेले पाहिजेत. बारावीचा निकाल लागल्यावर अर्ज करून प्रवेशाच्या काउन्सेलिंगपर्यंत व्हॅलिडिटी, म्हणजे पडताळणीचं प्रमाणपत्र, हातात पडेल ही आशा मी तरी कुणाला दाखवत नाही.

पालकांची सभा कधी घ्यायची? शाळेच्या वेळापत्रकाप्रमाणं घेतलीत तर समोर आज्या बसतील. बाहेर कामाला असलेली माणसं दिवाळीला आणि गावच्या यात्रेला येतात. सभा तेव्हाच ठेवा, देवळाजवळ असेल तर आणखी बरं. उत्पन्नाच्या आणि डोमिसाइलच्या अर्जांवर वडिलांच्या सह्या लागतात, त्या तिथंच घेऊन ठेवता येतात.

तिसरं काम: बँक

शिष्यवृत्ती आधारला सीडिंग झालेल्या, म्हणजे सरकारी पैसे जमा व्हायला आधार नंबरशी जोडलेल्या खात्यात येते. "आधार लिंक आहे सर," असं प्रत्येक जण सांगतो. पण केवायसीसाठी आधारची झेरॉक्स दिली म्हणजे सीडिंग झालं असं नाही. शाळेच्या संगणकावर आधारच्या वेबसाइटवर मुलाच्या ओटीपीनं लॉगिन करून बँक सीडिंग स्टेटस बघा. तिथं जी बँक दिसेल, पैसे तिच्यातच जाणार. कधी लहानपणी काढलेलं आणि आता बंद पडलेलं खातं दिसतं, कधी काहीच दिसत नाही. पतसंस्थेतलं खातं इथं चालत नाही. जवळ बँक नसेल तर पोस्टाच्या पेमेंट्स बँकेत खातं उघडून घ्या, पोस्टमनदादा शाळेत येऊनही करून देतात.

चौथं काम: कुणाला काय मिळतं ते नाव घेऊन सांगा

नोटीस बोर्डावर योजनांची यादी लावली की आपलं काम झालं असं समजू नका. प्रत्येक मुलाला त्याची योजना नावानिशी सांगावी लागते.

खुल्या प्रवर्गातल्या, वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आतल्या घरांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती. २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आतल्या ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटक), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास वर्ग) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक कोर्सचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. प्रवेश मात्र कॅप राउंडमधून, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून हवा. हे वाक्य मी पालकसभेत तीनदा म्हणतो. चांगल्या मार्कांची मुलगी घाईत मॅनेजमेंट कोट्यातून प्रवेश घेते आणि माफीला मुकते, असं आमच्याकडं घडलेलं आहे.

राहण्या-जेवणाचा खर्च फीपेक्षा जास्त टोचतो. वसतिगृह न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या मुलांसाठी स्वाधार, ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठी सावित्रीबाई फुले आधार, धनगर समाजातल्या मुलांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना. डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्त्याला अल्पभूधारकाचा दाखला उपयोगी पडतो. आटपाडी-जतकडच्या कोरडवाहू घरांत तो सहज निघतो, पण मागायचा असतो हेच ठाऊक नसतं.

साध्या बीए-बीएस्सीला जाणाऱ्या हुशार मुलांकडं कुणी बघत नाही. बारावीला बोर्डात ८० पर्सेंटाइलच्या वर (८० टक्के मार्क नव्हे, शंभरातल्या ऐंशी मुलांच्या पुढं) आणि घरचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर केंद्राची शिष्यवृत्ती आहे, पदवीला वर्षाला १२,००० रुपये. दुसरी शिष्यवृत्ती चालू असेल तर ती मिळत नाही, तेव्हा आधी हिशेब करा. शैक्षणिक कर्जाची चौकशी सगळ्यात शेवटी.

आणि कमवा आणि शिका. कर्मवीर भाऊराव मूळ आपल्याच जिल्ह्यातल्या ऐतवडे बुद्रुकचे. १९१९ साली कऱ्हाडजवळ काल्याला त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि कष्ट करून शिकायची वाट या भागाला घालून दिली. कॉलेजात ही योजना असेल तर पहिल्याच आठवड्यात नाव द्यायला सांगा. जागा मोजक्या असतात आणि मुलं लाजतात.

पाचवं काम: पासवर्ड मुलाचा मुलाकडेच

नेट कॅफेवाला स्वतःच्या मोबाइल नंबरवर खातं उघडून देतो. पुढच्या वर्षी रिन्यूअलला कॅफे बंद किंवा त्याचा नंबर बंद. म्हणून बारावीच्या प्रिलिमनंतर एका दुपारी मुलांना स्वतःचा ईमेल काढायला लावा. युजर आयडी कुठं लिहून ठेवायचा तेही दाखवा. पासवर्ड शिक्षकांनीसुद्धा मागू नये.

नंतरचा पाठपुरावा

फॉर्म कॉलेजकडून त्रुटी काढून परत येतो तेव्हा तो मुलाच्या लॉगिनमध्ये दिसतो, घरी कुणी कळवायला येत नाही. मुलं 'भरला' म्हणून निर्धास्त असतात. आम्ही गेल्या बॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप मोडत नाही. सप्टेंबरपासून दर पंधरवड्याला एकच ओळ टाकतो: लॉगिन करा, स्टेटस बघा, स्क्रीनशॉट पाठवा. ज्याचा येत नाही त्याला फोन. चौगुलेबाईंचा स्क्रीनशॉट त्या वर्षी डिसेंबरात आला. अक्षर दुरुस्त झालं होतं, फॉर्म कॉलेजच्या टेबलावर पोचला होता. पैसे यायला पुढचा उन्हाळा उजाडला.