पित्तनलिकेतला खडा दुर्बिणीनं काढताना: या चुका टाळा

डोळे पिवळे दिसले की जत म्हणा, कवठेमहांकाळ म्हणा, पहिला सल्ला ठरलेला: अमक्या गावात कावीळ उतरवून देतात, जाऊन या. मग डोक्यावर माळ, चुन्याच्या पाण्यात हात धुणं, पाणी पिवळं झालं की ‘उतरली’ म्हणून परत. माळेतल्या काड्या वाळून आकसतात, गाठी सैल होतात, म्हणून माळ लांबते. हाताला आधी आंब्याची साल चोळलेली असते, म्हणून चुन्याचं पाणी पिवळं होतं. अंनिसवाले (अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते) हे गावोगाव करून दाखवतात. विषाणूची कावीळ बहुतेकांची आपोआप बरी होते आणि श्रेय माळ घेऊन जाते. खड्यानं पित्तनलिका (यकृतातलं पित्त आतड्यात नेणारी नळी) तुंबून झालेल्या काविळीत मात्र या फेऱ्यांमध्ये गेलेले दिवस महागात पडतात.

लघवी गर्द पिवळी, शी मातकट, अंगाला खाज आणि जेवणानंतर पोटात वरच्या बाजूला येऊन गेलेली कळ, असं असेल तर रक्ताची तपासणी आणि सोनोग्राफी लगेच करा. कळ, थंडी वाजून ताप आणि पिवळे डोळे ही तिन्ही एकत्र आली, तर सकाळची एसटी बघत बसू नका. मिळेल त्या गाडीनं रात्रीच मिरज-सांगली गाठा. तुंबलेल्या नळीत जंतू वाढले की ते रक्तात उतरतात. बीपी खाली येतं, माणूस असंबद्ध बोलायला लागतो. म्हाताऱ्या माणसांत तर ताप फारसा नसतानाही हे होतं.

कुळथाचं कढण, पानफुटीची पानं हे मुतखड्याचे उपाय इथं चालवू नका. पाणी कितीही प्यालं तरी ते पित्तनलिकेतून वाहत नाही. मोबाइलवर फिरणारा तेल-लिंबाचा प्रयोग तर निव्वळ फसवा आहे. दुसऱ्या दिवशी शौचातून पडणारे हिरवट मऊ गोळे त्या तेलाचेच झालेले असतात.

सोनोग्राफीत खडा दिसला नाही, म्हणून निर्धास्त होणं हीसुद्धा चूकच. नलिकेचं खालचं टोक आतड्यातल्या हवेमागं लपतं, त्यामुळं बारीक खडा सहज निसटतो. नळी फुगलेली असेल, रक्तातलं अल्कलाइन फॉस्फेटेज (पित्त तुंबल्यावर वाढणारा घटक) वाढलेलं असेल, तर डॉक्टर एमआरसीपी (पित्तनलिकेचा एमआरआय) सांगतात. त्यावर नातेवाइकांचं ठरलेलं: “एवढा खर्च कशाला, दुर्बिणीतून बघूनच टाका की!” दुर्बिणीनं पित्तनलिकेतला खडा काढतात ती ईआरसीपी ही नुसती बघण्याची तपासणी नाही. तिच्यानंतर काहींच्या स्वादुपिंडाला सूज येते आणि ती कधीकधी गंभीर होते. म्हणून खडा असल्याची खात्री झाल्यावरच ती करायची.

तयारीतली चूक बहुतेक वेळा चहाची असते. सहा ते आठ तास उपाशी म्हणजे दुधाचा घोटभर चहासुद्धा नाही. पोटात काही असेल तर गुंगीत उलटी होऊन ते फुप्फुसात जाऊ शकतं. दुसरी चूक गोळ्यांची. हृदयाच्या पेशंटनी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचं पाकीटच सोबत आणावं. “ती पांढरी, छोटी” एवढ्यावरून कुणालाच काही कळत नाही. यातली कुठली गोळी किती दिवस आधी थांबवायची, का चालूच ठेवायची, हे डॉक्टर ठरवतील. मनानं बंद केली तर नुकताच बसवलेला हृदयातला स्टेंट बंद पडू शकतो. उपाशीपोटी इन्सुलिन किंवा मधुमेहाची गोळी घ्यायची का, हेही आदल्या दिवशीच विचारा. कवळी, पूर्वी झालेलं जठराचं ऑपरेशन, औषधाची अ‍ॅलर्जी, गरोदरपण, काही लपवू नका.

आत होतं ते असं. बाजूला बघणारी दुर्बीण तोंडावाटे लहान आतड्याच्या सुरुवातीला नेतात. पित्तनलिकेच्या तोंडात तार सरकवतात, एक्स-रेवर नळी बघतात, तोंडाला छोटा छेद देतात आणि फुगा किंवा बारीक जाळी खड्याच्या वर नेऊन खाली ओढतात. खडा आतड्यात पडतो आणि शौचावाटे निघून जातो. म्हणून “खडा बाटलीत का दिला नाही?” यावरून डॉक्टरांशी भांडू नका. मोठा खडा आतच फोडावा लागतो, त्यासाठी पुन्हा एकदा यावंही लागतं.

घरी गेल्यावर घसा थोडा दुखला, पोट फुगल्यासारखं वाटलं तर घाबरू नका. डोळ्यांचा पिवळेपणाही हळूहळूच जातो. पण पोटात वर कळ येऊन ती पाठीपर्यंत गेली, उलट्या सुरू झाल्या, तर गॅसची गोळी देऊन वाट बघू नका. स्वादुपिंडाची सूज बहुधा पहिल्याच दिवशी कळते. डांबरासारखी काळी, चिकट शी म्हणजे छेदातून रक्त जात असावं, आणि हे आठवड्याभरानंतरही होऊ शकतं. लोहाच्या गोळ्यांनीही शी काळी होते, पण तो निष्कर्ष तुम्ही घरात काढू नका.

“खडा निघाला, आता पिशवी कशाला काढायची?” हा प्रश्न हमखास येतो. पण बहुतेकांचा खडा त्या पिशवीतूनच, म्हणजे पित्ताशयातूनच, खाली घसरलेला असतो आणि उरलेले रांगेत असतात. तब्येत ऑपरेशनला साथ देत असेल तर पित्ताशय शक्यतो दोन आठवड्यांच्या आत काढून घ्यावं.

सगळ्यात महाग पडणारी चूक मात्र पोटात विसरलेल्या स्टेंटची. खडे राहिले किंवा पू असला की नळीत प्लास्टिकची बारीक नळकांडी, म्हणजेच स्टेंट, ठेवतात. तिच्यामुळं पेशंटला आठवड्यात बरं वाटतं, आणि तिथंच घोळ होतो. तासगावकडचा द्राक्ष बागायतदार म्हणतो ऑक्टोबर छाटणी होऊ दे, मग म्हणतो माल उतरू दे. साधारण तीन महिन्यांत ती काढायची किंवा बदलायची असते. त्यानंतर ती चोंदते, तिच्याभोवती नवे खडे धरतात आणि ऐन सीझनमध्ये थंडी-तापानं पुन्हा ॲडमिट व्हावं लागतं. खडे संपलेले असतील तर ती काढणं काही मिनिटांचं काम असतं. डिस्चार्ज घेतानाच स्टेंट आहे का, प्लास्टिकचा की धातूचा, कुठल्या तारखेला यायचं, हे सिस्टरांकडून कार्डावर लिहून घ्या आणि ती तारीख घरातल्या तरण्या पोराच्या मोबाइलमध्ये टाका. फाईल हरवली असेल तर पोटाचा साधा एक्स-रे काढा, स्टेंट असला तर त्यात बहुधा दिसतो.