चहा-कॉफीतील पाणी दिवसाच्या हिशेबात धरावे का?

चहा-कॉफी प्यायल्याने शरीरातील पाणी उलट कमी होते, हा समज रूढ असला तरी अर्धवट आहे. कॅफिनमुळे लघवीचे प्रमाण किंचित वाढते हे खरे. परंतु कपात बहुतांशी पाणीच असल्याने आणि नियमित पिणाऱ्याच्या शरीराला कॅफिनची सवय झालेली असल्याने, त्यातील बराचसा वाटा शरीराच्या उपयोगी पडतो. तेव्हा ही पेये पाण्याच्या हिशेबात खुशाल धरावीत. मर्यादा पाळायची ती कॅफिनची: निरोगी प्रौढांनी दिवसाला सुमारे ४०० मिलिग्रॅम, तर गर्भवतींनी २०० मिलिग्रॅमच्या आत राहावे. एनर्जी ड्रिंकमध्ये बहुधा साखरही भरपूर असते, त्यामुळे केवळ तहान भागवण्यासाठी ते न घेतलेलेच बरे.