मज्जातंतूतली वाहतूक एमआरआयवर मोजताना

साध्या एमआरआयमध्ये मज्जातंतूची जाडी, सूज, दाब दिसतो. आतली ने-आण दिसत नाही. ती पाहायला पेशी स्वतः उचलून नेईल आणि स्कॅनवर उजळेल असा पदार्थ लागतो. मँगनीज कॅल्शियमच्या वाटेने पेशीत शिरतं, अक्षतंतूत (चेतापेशीच्या लांब शेपटीत) सूक्ष्मनलिकांवरून, म्हणजे पेशीतल्या रुळांवरून, पुढे सरकतं आणि वाटेत टी१ कमी करतं. टी१ म्हणजे ऊतीचं चुंबकत्व पूर्ववत व्हायला लागणारा वेळ; तो घटला की टी१-भारित स्कॅनवर ती जागा उजळते. विषारी असल्याने हे काम प्राण्यांवरच, नैतिकता समितीची मंजुरी घेऊन. सुरुवात उंदराच्या घ्राण (वासाच्या) मज्जातंतूपासून करावी. चिरफाड लागत नाही.

द्रावण मिलिलिटरला ०.७५ मिलिग्रॅम मँगनीज क्लोराइडचं, सलाइनमध्ये. बाटलीवर ‘टेट्राहायड्रेट’ (स्फटिकात पाणीही धरलेलं) असेल तर १० मिलिलिटरला ७.५ नव्हे, ११.८ मिलिग्रॅम घ्या. फॉस्फेट बफर वापरलात तर मँगनीज साक्यात बसतं. भूल हलकी ठेवून प्रत्येक नाकपुडीत ४ मायक्रोलिटर, श्वास आत जाताना थोडं थोडं सोडा. घाई केली की थेंब घशात जातो. भुकटी तोलताना मास्क लावा, कारण हीच वाट आपल्या नाकालाही आहे.

मग जाग येऊ द्या आणि तासाभराने पुन्हा आयसोफ्लुरेनची भूल देऊन स्कॅनरमध्ये घ्या. जलद वाहतूक दिवसाला २०० ते ४०० मिलिमीटर, म्हणजे तासाला ८ ते १७. उंदराच्या नाकापासून घ्राणकंदाचं (मेंदूच्या पुढच्या टोकाला असलेल्या वासाच्या भागाचं) अंतर त्यात सहज बसतं. शरीराचं तापमान ३७ अंशांवर धरा. ते उतरलं की वाहतूकही मंदावते, आणि दोष तुम्ही तपासत असलेल्या औषधाच्या माथी जातो.

स्कॅनचा क्रम टी१-भारित (टी१मधला फरक उठून दिसणारा) स्पिन एको: टीआर (दोन स्पंदांमधला वेळ) ५००, टीई (स्पंदापासून संकेत टिपेपर्यंतचा वेळ) सुमारे १० मिलिसेकंद, मॅट्रिक्स १२८ बाय १२८, दोन सरासऱ्या. एक फ्रेम साधारण दोन मिनिटांची. अशा पंधरा घ्या. नाकातल्या हवेजवळ ग्रेडियंट एको या दुसऱ्या क्रमात संकेत गळतो, म्हणून तो नको. आणि रिसीव्हर गेन (संकेत किती वाढवून घ्यायचा ते) पहिल्या फ्रेमनंतर हाताने पक्का करा! स्वयंचलित ठेवला तर प्रत्येक फ्रेमची पट्टी वेगळी होते, आणि आलेख नुसताच वरखाली नाचतो.

घ्राणकंदातल्या एका ठिपक्याची तीव्रता जबड्याच्या स्नायूच्या तीव्रतेने भागा आणि वेळेशी सरळ रेषा बसवा. या रेषेच्या उताराला बरेच जण वेग म्हणतात, पण त्यात नाकात किती मँगनीज शोषलं गेलं हेही मिसळलेलं असतं. खरा वेग हवा तर मार्गावर दोन ठिकाणं निवडा आणि उजळण्यातला वेळेचा फरक काढा. मात्रा फार झाली तर टी२ही (संकेत विरायला लागणारा वेळ) घटतो, उजळायच्या जागी काळं पडतं आणि उतार खोटा कमी येतो. उरला प्रसरणाचा, म्हणजे मँगनीज आपोआप पसरल्याचा, संशय: काही उंदरांना आधी सूक्ष्मनलिका मोडणारं कॉल्चिसिन द्या. सूक्ष्मनलिका मोडल्यावरही कंद तितकाच उजळला, तर तुम्ही वाहतूक नव्हे, गळती मोजताय.

तोच उंदीर पुन्हा वापरायचा असेल तर नवा थेंब देण्याआधी एक कोरा (नवं मँगनीज न देता) स्कॅन घ्या. मँगनीज मेंदूतून निघायला दिवस नव्हे, आठवडे लागू शकतात.