पहिलीत जाणाऱ्या मुलाच्या हातांची तयारी

मूल पहिलीत येणार असलं की आई-बाबांचे प्रश्न ठरलेले असतात. पाढे कुठपर्यंत हवेत? जोडाक्षरं यायला हवीत का? इंग्रजी कितपत करून घ्यायचं? त्यांना मी सांगते, अक्षरं आणि आकडे माझ्यावर सोडा, त्याचा मला पगार मिळतो. तुम्ही एवढंच बघा, की त्याला स्वतःच्या डब्याचं झाकण उघडता येतं का, चड्डीचं बटण लावता येतं का आणि पेन्सिलीला टोक करता येतं का. काहींना वाटतं बाई थट्टा करतायत. पण वर्गात तीस-पस्तीस मुलं आणि मी एकटी. सहा वर्षांच्या मुलाचा शाळेतला दिवस बिघडतो तो बहुतेक वेळा अभ्यासामुळे नाही, एखादी चेन अडकल्यामुळे. आणि ही कामं घरी आपणच झटपट उरकून टाकतो, म्हणून ती त्याला येत नाहीत.

शाळा सुरू व्हायच्या आधी दोन-तीन आठवडे मिळत असतील तर पुढच्या गोष्टी घ्या. रोज एकच. सगळ्या एकदम काढल्यात तर मूल वैतागेल आणि तुम्हीही.

डबा आणि बाटली

मधल्या सुट्टीत माझ्याभोवती रांग लागते ती झाकणं उघडून घ्यायला. गंमत म्हणजे त्यातल्या निम्म्या मुलांना तोच डबा घरी सहज उघडता येत असतो. मग शाळेत काय होतं? सकाळी गरमागरम पदार्थ भरून घट्ट झाकण लावलेलं असतं. आत वाफ कोंडलेली असते. डबा निवतो तशी वाफेचं पाणी होतं, आतली हवा आकसते, दाब कमी होतो आणि बाहेरची हवा झाकण आत दाबून धरते. रिकामा डबा उघडायचा सराव केलेल्या बोटांना हे झाकण दाद देत नाही. म्हणून पदार्थ कोमट होऊ द्या, मग झाकण लावा. तेवढा वेळ नसेल तर एक कोपरा उचकटून हवा आत कशी घ्यायची ते मुलाला दाखवा. सरावही खराच हवा. डबा सकाळी भरा, चार तासांनी त्याला जमिनीवर बसवून त्याच्या हातात द्या, आणि तुमचे हात मागे बांधून ठेवा.

दुसरी अडचण दातांची. साधारण सहाव्या वर्षी पुढचे दुधाचे दात हलायला लागतात. दात हलत असला की मूल चावून तोडायचे पदार्थ तसेच परत आणतं आणि घरी वाटतं, याला आवडलं नाही. घास तोंडात मावेल एवढे तुकडे करून द्या, डबा संपतो.

बाटलीबद्दल दोनच गोष्टी. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. शाळेत पाणी भरायची सोय असेल तर छोटी बाटली पुरते. आणि बाटली गळून वह्या भिजल्या, तर नवी बाटली आणण्याआधी झाकणातली रबराची रिंग बघा. धुताना ती काढलेली असते आणि परत बसवताना वाकडी बसते किंवा ओट्यावरच राहते.

शू-शी

पालक याबद्दल विचारत नाहीत आणि मुलं सांगत नाहीत, म्हणून मी यावर जरा जास्त बोलते.

मुलांच्या मूत्राशयात किती मावतं याचा डॉक्टर लोकांचा एक ढोबळ हिशेब आहे: वयात एक मिळवा आणि तिसाने गुणा, तेवढे मिलिलिटर. सहा वर्षांच्या मुलाचं उत्तर येतं २१०. म्हणजे एक पेलाभर. सकाळी निघताना पेलाभर पाणी, दूध काहीतरी पोटात गेलेलं असतं, त्यावर पहिल्या दोन तासिका. मूल कासावीस होणारच. तरी ते उठत नाही, कारण वर्गासमोर विचारायची लाज वाटते, कडी उंचावर असते, पाणी सोडल्याचा मोठा आवाज होतो, नाहीतर चड्डीचा हुक निघत नाही. मग मुलं आपापला उपाय काढतात. पाणीच पीत नाहीत. बाटली भरलेली घरी येते, मूल चिडचिडं असतं, पुढे पोट साफ होईनासं होतं आणि लघवीच्या जागी आगही होऊ शकते. बाटली रोज जशीच्या तशी परत येत असेल तर रागवू नका. शाळेतल्या टॉयलेटमध्ये काय अडतं ते विचारा.

सराव कसा करायचा? गणवेशाची चड्डी, पँट किंवा स्कर्ट घरी घालून बघा आणि मुलाला घाईत असल्यासारखं सोडायला लावा. हुक किंवा बक्कल जमत नसेल तर पहिलं वर्ष सरळ इलास्टिक लावून घ्या. गणवेशाच्या नियमात ते बसत नसेल तर बाईंशी बोला. नंतरची सफाई त्याची त्याला करू द्या, हात धुणं निदान वीस सेकंद. आणि एक वाक्य मोठ्याने म्हणायला शिकवा: "बाई, मला लघवीला जायचंय." मोठ्याने यावर माझा भर आहे. घरी मूल नुसतं उड्या मारायला लागलं की आईला कळतं. वर्गात मी फळ्याकडे तोंड करून उभी असते. म्हणून घरी तुम्ही पाठ करून उभे राहा आणि त्याचा आवाज तुमच्यापर्यंत पोचेपर्यंत वळू नका. पहिल्या दिवशी शाळेत आत जायला मिळालं तर मुलालाच टॉयलेट शोधून दाखवायला सांगा.

पेन्सिल, खोडरबर, कात्री

मुलं शार्पनर गोल फिरवतात आणि वरून जोर देतात, म्हणून टोक मोडतं. शार्पनर डाव्या हातात घट्ट धरायचा, उजव्या हाताने पेन्सिल हलकेच फिरवायची. डावखुऱ्यांनी उलट. टोक केल्या केल्या शिसं गळून पडत असेल तर शार्पनरला दोष देण्याआधी पेन्सिल किती वेळा बाकावरून पडली ते आठवा. पेन्सिल आपटली की आतलं शिसं लाकडातच तडकतं, मग कितीही तासा, तुकडेच निघतात. अशी पेन्सिल सरळ बदला.

या शिशात शिसं नसतंच म्हणा. ते ग्रॅफाइट आणि चिकणमातीचं मिश्रण असतं. ही रीत फ्रान्समध्ये निकोला-जाक काँते याने १७९५ साली काढली. माती जास्त तितकी पेन्सिल कडक आणि अक्षर फिकं. ग्रॅफाइट जास्त तितकी मऊ आणि काळी. शिकणाऱ्या हाताला मधली एचबी बरी. कडक पेन्सिलीने मूल इतकं दाबतं, की मागच्या तीन पानांवर वळ उठतात. आणि पेन्सिल आखूड झाली म्हणून टाकू नका. आखूड तुकडा तीन बोटांतच धरावा लागतो, मुठीत धरून लिहिता येत नाही, त्यामुळे पकड आपोआप सुधारते.

खोडताना दुसऱ्या हाताने पान दाबून धरायचं आणि एकाच दिशेने घासायचं. मागे-पुढे घासलं की पान चुरगळून फाटतं, मग रडू येतं, आणि तोवर पुढचं वाक्य फळ्यावरून पुसलेलं असतं.

मूल डावखुरं असेल तर बाईंना आधीच सांगा. दहा माणसांत साधारण एक जण डावखुरा असतो, त्यात लाजण्यासारखं काही नाही आणि हात बदलायला तर मुळीच लावू नका. पण त्याची जागा बाकाच्या डाव्या टोकाला हवी, नाहीतर दिवसभर शेजाऱ्याच्या कोपराशी टक्कर होते. वही जराशी उजवीकडे कलती ठेवू द्या, म्हणजे लिहिलेलं हाताखाली पुसलं जात नाही. कात्रीही डावखुऱ्यांची वेगळी मिळते. साध्या कात्रीची पाती अशी बसवलेली असतात, की डाव्या हातात धरली तर कापायची रेघ वरच्या पात्याआड जाते. ज्या मुलाला आपण "हाताला वळण नाही" म्हणतो, त्याला कधीकधी नुसती रेघ दिसत नसते.

फळ्यावरून उतरवून घेणं

"वर्गपाठ अर्धाच आहे" ही घराघरातली तक्रार. घरी पुस्तकात बघून मूल पानभर लिहितं, मग शाळेत का नाही? कारण कामच निराळं आहे. मान वर करायची, लांबचं बघायचं, ते डोक्यात धरायचं, मान खाली, वहीत जागा शोधायची, लिहायचं, पुन्हा मान वर, आणि आता फळ्यावर आपण कुठे होतो ते शोधायचं. सुरुवातीला मूल एकेक अक्षर उचलतं. चार अक्षरांच्या शब्दाला चार फेऱ्या. त्यात शेजारच्याने हाक मारली की ओळ हरवली.

यासाठी घरी एक कागद भिंतीवर लावा, मुलापासून आठ-दहा पावलांवर. त्यावर तीनच ओळी, ठसठशीत अक्षरात. मुलाने बघायचं, शब्द पुटपुटायचा आणि मगच लिहायचं. हे पुटपुटणं महत्त्वाचं. आकार लक्षात ठेवण्यापेक्षा आवाज लक्षात ठेवणं सोपं, त्यामुळे एका फेरीत अख्खा शब्द येतो. आठवडाभरात दोन शब्द, मग अर्धी ओळ. वेळ लावू नका, किती वेळा मान वर केली ते मोजा. मुलांना हा खेळ आवडतो.

हे करताना त्याच्या डोळ्यांकडेही बघा. डोळे बारीक करतो का, उठून कागदाजवळ जातो का, लांबचं चुकतं आणि पुस्तकातलं बरोबर येतं का? तर आधी डोळे तपासून घ्या. आपल्याला अंधुक दिसतंय हे लहान मूल सांगू शकत नाही. सगळ्यांना असंच दिसतं अशी त्याची समजूत असते. ते शेजाऱ्याच्या वहीतून उतरवतं आणि आपण त्याला कॉपी म्हणतो. रंगांचंही तसंच. "हिरवी रेघ मारा" म्हटल्यावर दर वेळी तपकिरी खडू उचलणारा मुलगा हट्टी असेलच असं नाही. लाल-हिरव्यातला फरक न कळणं बहुतेक वेळा आनुवंशिक असतं, एक्स गुणसूत्रावरून येतं, म्हणून मुलींपेक्षा मुलग्यांत फार जास्त आढळतं.

अक्षरं किंवा आकडे आरशातल्यासारखे उलटे निघत असतील तर पहिलीत घाबरू नका. सातव्या वर्षापर्यंत बऱ्याच मुलांचं होतं. त्यानंतरही तसंच चाललं आणि वाचतानाही अडखळणं असेल, तर मग तज्ज्ञाला दाखवा.

बूट

वेल्क्रोचे बूट घेतलेत तर हा भाग सोडून द्या. लेसचे असतील तर गाठ बघा. फुलाचे दोन कान बुटावर आडवे बसत असतील तर गाठ बरोबर. ते उभे, म्हणजे एक टोक बोटांकडे आणि एक घोट्याकडे वळत असेल, तर ती गाठ मैदानावर पोचेपर्यंत सुटणार. कारण खालची पहिली गाठ आणि वरचं फूल एकाच बाजूने वळवलेलं असतं. पहिली गाठ उलट बाजूने घाला, बाकी सगळं तसंच ठेवा, झालं काम. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या अभियंत्यांनी २०१७ साली यावर प्रयोग प्रसिद्ध केले. पाऊल आपटतं तेव्हा गाठ ढिली होते आणि लेसची लोंबती टोकं हिसके देऊन ती सोडवतात, असं त्यांना दिसलं. ही उभी गाठ त्यांच्याही प्रयोगात लवकर सुटली. बरेचसे आई-बाबा वर्षानुवर्षं उभीच गाठ घालतात आणि मुलांना तीच शिकवतात. आज आपले बूट बघाच.

दप्तर

दप्तर मुलाने भरायचं, आदल्या संध्याकाळी, वेळापत्रक बघून. तुम्ही नुसतं बाजूला बसायचं. एखादी वही राहिली तर राहू दे. वर्गात काही आकाश कोसळत नाही. भरलेल्या दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहाव्या भागाच्या आसपास असावं. मूल वीस किलोचं तर दप्तर दोन किलोचं, आणि लिटरभर पाण्याने त्यातला अर्धा वाटा आधीच खाल्लेला असतो. जड पुस्तकं पाठीला लागून, पट्टे दोन्ही खांद्यांवर.

वस्तूंवर नाव घालाच, पण मुलाला अजून वाचता येत नाही हे विसरू नका. वर्गात एकाच चित्राचे चार डबे असतात. डब्यावर, बाटलीवर, स्वेटरच्या आत मुलाने स्वतः निवडलेली एक खूण करा, सगळीकडे तीच. स्वेटर हरवला तर मी शंभरदा विचारते, "कसा होता?" आणि उत्तर येतं, "निळा." सगळ्यांचेच निळे असतात.

संध्याकाळी "शाळेत काय झालं?" विचारून फारसं हाती लागत नाही. आधी खाऊ द्या, मग नेमकं विचारा: आज शेजारी कोण बसलं होतं, झाकण कोणी उघडलं, वही कुठे अडली? उत्तरात तेच तेच नाव किंवा तीच तक्रार यायला लागली, तर मला चिठ्ठी लिहून वहीत ठेवा. फाटकापाशी घाईत सांगू नका. तेव्हा माझा एक हात कोणाच्या तरी चेनमध्ये अडकलेला असतो.