लाइट जाणार हे धरूनच काम करायचं : लागोसच्या मैत्रिणीकडून शिकलेलं क्लाऊड

१४ मार्च २०२४, गुरुवार. पुण्यात दुपारचे अडीच वाजले होते आणि आमच्या पेमेंट सेवेचे नायजेरियातले आकडे एकदम खाली आले. आयव्हरी कोस्टच्या किनाऱ्याजवळ समुद्राखालच्या केबल तुटल्या होत्या, हे नंतर कळलं. तेव्हा मला एवढंच दिसत होतं, की लागोसची सहकारी ऑनलाइन नाही आणि ऑन-कॉल, म्हणजे बिघाड झाला तर धावायच्या पाळीवर, मी आहे. डेटाबेस रीस्टार्ट करायला हात शिवशिवत होते. तिने लिहून ठेवलेलं रनबुक, म्हणजे बिघाडात करायच्या पायऱ्यांची यादी, उघडलं. त्यात चौथी पायरी होती, ‘डेटाबेसला हात लावू नका. तो चालू आहे, तिथे जायचा रस्ता बंद आहे.’

रीस्टार्ट केला असता तर बाकीच्या देशांचे व्यवहारही पडले असते. अर्ध्या तासाने ती दुसऱ्या सिमवरून आली. आल्याआल्या तिने विचारलं, ‘चौथी पायरी वाचलीस ना?’

क्लाऊडमध्ये, म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने घेतलेले सर्व्हर सांभाळायच्या कामात, येऊ पाहणारी मुलं मला विचारतात, की कुठून सुरुवात करू. मी त्यांना तिचा प्रवास सांगते. तिने नाव देऊ नको म्हटलंय, म्हणून देत नाही.

ती रसायनशास्त्राची विद्यार्थिनी. मार्च २०२० मध्ये नायजेरियातल्या सरकारी विद्यापीठांच्या प्राध्यापकांचा संप सुरू झाला आणि डिसेंबरपर्यंत चालला. त्या नऊ महिन्यांत तिने लागोसमधल्या इकेजाच्या कम्प्युटर व्हिलेज या बाजारातून जुना लॅपटॉप घेतला आणि लिनक्स, म्हणजे बहुतेक सर्व्हरवर चालणारी ऑपरेटिंग सिस्टीम, शिकायला बसली. रात्रीचा डेटा स्वस्त, म्हणून व्हिडिओ रात्री उतरवून घ्यायचे आणि दिवसा बघायचे. लाइट गेली की बॅटरी संपेपर्यंत टर्मिनलवर आज्ञा टाइप करायच्या, त्यानंतर वही. लाइट आली की गल्लीतली पोरं ‘अप नेपा!’ म्हणून ओरडायची. नेपा हे तिथल्या जुन्या वीज मंडळाचं नाव. मंडळ गेलं, आरोळी राहिली. आपल्याकडे लाइट आल्यावर सोसायटीभर होणारा ‘हो...’ मला लगेच आठवला.

पदवीनंतर तिथे एक वर्षाची राष्ट्रीय सेवा असते. तिला दुसऱ्या राज्यातल्या शाळेत शिकवायला पाठवलं. संध्याकाळी ती नेटवर्किंग शिकायची. आयपी (नेटवर्कवरचे पत्ते), सबनेट (त्या पत्त्यांचे गट), डीएनएस (नावावरून पत्ता शोधणं), राउटिंग (पत्त्यापर्यंतचा रस्ता). याच भागावर तिने सगळ्यात जास्त वेळ घालवला, आणि मीही हेच सांगेन. ‘सर्व्हर चालत नाही’ म्हणून येणाऱ्या तक्रारींत सर्व्हर चालू आणि रस्ता बंद, असं फार वेळा असतं. नवी मुलं कुबर्नेटीसपासून, म्हणजे अनेक सर्व्हरवर प्रोग्राम पसरून चालवणाऱ्या प्रणालीपासून, सुरुवात करतात आणि सबनेटपाशी अडतात, हे बघून मला खरंच वाईट वाटतं. आधी लिनक्स आणि नेटवर्क. मग कुठलंही एक क्लाऊड, गिट (कोडमधल्या बदलांची नोंद), डॉकर (प्रोग्राम त्याच्या सामानासकट बांधून चालवणं), टेराफॉर्म (सर्व्हर कोड लिहून उभारणं). कुबर्नेटीस त्यानंतर.

पैशांची अडचण मोठी होती. २०२२ मध्ये तिथल्या अनेक बँकांनी नायराच्या, म्हणजे तिथल्या चलनाच्या, कार्डावरचा परदेशी खर्च महिन्याला २० डॉलरवर आणला, आणि ॲमेझॉनच्या क्लाऊडची असोसिएट पातळीची प्रमाणपत्र परीक्षा १५० डॉलरची. त्यात सरावासाठी उभारलेला एक नॅट गेटवे (आतल्या सर्व्हरना इंटरनेटवर जायची वाट देणारी भाड्याची सेवा) ती बंद करायला विसरली. ताशी साडेचार सेंट म्हणजे काहीच वाटत नाही, पण महिन्याचे ३२ डॉलर होतात. कार्ड नाकारलं गेलं, क्लाऊडचं खातं बंद पडलं, सराव थांबला. महिलांसाठी काम करणाऱ्या ‘शी कोड आफ्रिका’सारख्या गटांतल्या मैत्रिणींनी मार्ग दाखवले, कोणीतरी परीक्षेचं व्हाउचर मिळवून दिलं. अदा न्दुका ओयोम यांनी २०१६ मध्ये सुरू केलेल्या या गटाचं नाव ती आजही हळवी होऊन घेते. एकट्याने शिकू नका, हे ती दर वेळी सांगते.

मुलाखतींबद्दल मात्र तिच्या मनात राग आहे. एका कंपनीत विचारलं, ‘रात्रीचा ऑन-कॉल असेल, घरच्यांना चालेल का?’ सोबतच्या मुलांना कोणी हे विचारलं नव्हतं. ती म्हणाली, ‘घरचे रात्री जनरेटर चालू ठेवतील. तुमच्याकडे बॅकअपची काय व्यवस्था आहे?’ तिथली नोकरी मिळाली नाही. पुढच्या ठिकाणी तिने स्वतःच्या बिघाडांची वही दाखवली. काय पडलं, कसं कळलं, कसं उठवलं. प्रमाणपत्राकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि वहीवर तासभर बोलले.

त्या गुरुवारी पैसे दोनदा का कापले गेले नाहीत, हेही तिचंच काम. प्रत्येक व्यवहाराला ग्राहकाच्या फोनवरच एक क्रमांक मिळतो. नेट तुटलं, माणसाने चार वेळा बटण दाबलं, तरी क्रमांक तोच जातो. तो आधी येऊन गेला असेल तर सेवा जुनंच उत्तर परत देते. मी विचारलं, हे कुठे शिकलीस? म्हणाली, ‘लागोसच्या दुकानात. पैसे गेले की नाही, हे कळायच्या आत नेट जातं.’

आता शनिवारी ती नव्या मुलींना शिकवते. लागोसचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे, म्हणून पुण्यातल्या दोघी दुपारी जोडल्या जातात. पहिला गृहपाठ ठरलेला. छोटी साइट उभी करायची, वहीत पायऱ्या लिहायच्या, सर्व्हर मुद्दाम उडवायचा आणि दुसरीने फक्त ती वही वाचून साइट परत उभी करायची. पण क्लाऊडचं खातं उघडल्यावर पहिल्या पाच मिनिटांत, दुसऱ्या कशालाही हात लावायच्या आधी, बिलाची सूचना लावून घेते. एका डॉलरवर.