अंड्यातील साल्मोनेला : घरच्या स्वयंपाकात घ्यायची काळजी

अंडे ताजे आहे, कवच स्वच्छ आणि अखंड आहे, म्हणून ते निर्धोक असेलच असे नाही. साल्मोनेला एन्टेरायटिडिस हा जीवाणू कोंबडीच्या अंडाशयात ठाण मांडतो आणि कवच तयार होण्याआधीच अंड्यात शिरू शकतो. असे अंडे क्वचितच निघते, परंतु ते वासावरून किंवा रंगावरून ओळखता येत नाही. पाण्यात तरंगते की बुडते, या परीक्षेतून फक्त शिळेपणा कळतो. त्यामुळे भरवसा ठेवायचा तो आचेवरच.

अंडी फ्रिजच्या दारात न ठेवता आतल्या कप्प्यात ठेवावीत, कारण दाराच्या उघडझापीने तिथले तापमान वरखाली होते. विष्ठा लागलेली अंडी धुऊन साठवू नयेत. ओल्या कवचाच्या सूक्ष्म छिद्रांतून घाण आत ओढली जाऊ शकते. तडकलेले अंडे सरळ टाकून द्यावे.

अंड्याच्या पदार्थाचा गाभा 71 अंश सेल्सिअसपर्यंत तापला पाहिजे. घरी तापमापक नसतो, तेव्हा खूण अशी : तवा किंचित कलता केल्यावर बलक थरथरत असेल, तर तो अजून कच्चा आहे. लहान मुले, गरोदर स्त्रिया आणि वृद्ध यांना हाफ फ्राय मुळीच देऊ नये. भुर्जी नीट शिजते, पण चूक शेवटी होते : ज्या बोटांनी अंडी फोडली, त्याच न धुतलेल्या बोटांनी वरून कोथिंबीर भुरभुरली जाते, आणि ती तर कच्चीच पोटात जाते.

कच्च्या अंड्याच्या मेयोनीजला आच लागतच नाही, आणि एका अंड्यातला जीवाणू घुसळताना साऱ्या भांड्यात पसरतो. तेलंगणाने ऑक्टोबर 2024 मध्ये आणि तामिळनाडूने एप्रिल 2025 मध्ये अशा मेयोनीजवर एका वर्षाची बंदी घातली, ती मला अगदी योग्य वाटते. घरी करायचेच असेल, तर बिनअंड्याचे करावे.

लागण झाल्यास 6 तासांपासून 6 दिवसांपर्यंत केव्हाही ताप, पोटात मुरडा आणि जुलाब सुरू होतात. 1 लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात 6 सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवून ते थोडे थोडे पाजत राहावे. चमचा चहाचा घ्यावा. प्रतिजैविके स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. शौचातून रक्त पडत असेल, लघवी कमी झाली असेल किंवा रुग्ण तान्हे बाळ असेल, तर वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे.